टर्बो गाडीचे ट्यूनिंग: चोर्ला घाट आणि ट्रॅक, दोन्हींसाठी एकच मॅप पुरेल का?

घाटवाट (फोंडा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे. दोन लिटरचे टीएसआय इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सहा गिअरांचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स). आतापर्यंत तिच्यात काहीही बदललेले नाही, सगळे कंपनीतून आले तसेच आहे. रोज फोंड्याहून पणजीला जाणे-येणे, अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगाव, आणि यापुढे वर्षातून एक-दोनदा कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला (स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवण्याच्या दिवसाला) जावे, असा बेत आहे. गोव्यात कायमचा ट्रॅक नाही आणि गाडी ट्रकवर लादून नेण्याची माझी ऐपत नाही, तेव्हा जी गाडी ट्रॅकवर पळणार तीच मला तिथवर नेणार आणि घरी परत आणणार, हे गृहीत धरावे.

एका ट्यूनरने मला ‘स्टेज वन’ची तयार फाइल देऊ केली आहे, म्हणजे इंजिनाच्या संगणकात (ईसीयूत) घालायचा नवा मॅप, सेटिंग्जचा संच. ९८ ऑक्टेनच्या (आकडा जितका मोठा, तितके पेट्रोल अवेळी पेटण्याला जास्त विरोध करते) पेट्रोलवर ३०० अश्वशक्ती आणि ४३० न्यूटन-मीटर मिळतील, असे त्याचे म्हणणे आहे. माझी अडचण अशी, की नेहमीच्या पंपावर मिळते ते ९५ ऑक्टेनचे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल. १०० ऑक्टेनचे पेट्रोल वाटेतल्या प्रत्येक शहरात मिळेलच, याची खात्री नाही. हाताशी दोन लाखांच्या आसपास रक्कम आहे. ती आधी फाइलवर खर्च करावी, इंटरकूलरवर की ब्रेकवर? आणि रस्ता व ट्रॅक दोन्हींसाठी एकच मॅप पुरतो, की दोन वेगळे करून घ्यावेत? जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास आभारी राहीन.

नॉकसेन्सर (वास्को)

तुम्ही ३०० हा आकडा लिहिला आहे, पण तो किती अंश तापमानाच्या हवेत आणि कितव्या रनला आला, हे ट्यूनरने सांगितलेले दिसत नाही. डायनोवर (गाडी जागीच रोलरवर पळवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर; अशी एक मोजणी म्हणजे रन) बॉनेट उघडे, समोर मोठा पंखा आणि दोन रनच्या मध्ये दहा मिनिटांची विश्रांती, अशा थाटात आलेला आकडा खोटा नसतो. फक्त तो तुमच्या वापराचा नसतो. तुम्हाला हवी आहे ती पाचव्या फेरीत टिकणारी शक्ती, आणि तिथे सगळा खेळ उष्णतेचा आहे.

थोडा हिशेब मांडतो. टर्बोने ३२ अंशांची हवा घेऊन तिचा दाब २.२ पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या थोडी वर धरली, तर हवा बाहेर पडताना १३५ ते १४० अंशांवर गेलेली असते. ती थंड करण्याचे काम इंटरकूलरचे. तो ताजा असताना इंजिनात ४५ अंशांची हवा जाते आणि तीन-चार फेऱ्यांनंतर तापून ६५ अंशांची जाऊ लागते, असे समजा. दाब तोच राहिला तरी निव्वळ घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. एवढेच असते तर चालले असते. पण गरम हवेत नॉकचा (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटण्याचा) धोका वाढतो, ईसीयू इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, टायमिंग मागे गेले की जळण उशिरा पुरे होते, एक्झॉस्टचे तापमान चढते, आणि ते आवरण्यासाठी ईसीयू मिश्रण घट्ट करतो (इंधन वाढवतो) किंवा बूस्ट (टर्बोचा वाढीव दाब) उतरवतो. म्हणजे एका तापलेल्या इंटरकूलरपायी चार ठिकाणी नुकसान होते. फाइल जितकी आक्रमक, तितकी ही साखळी लवकर सुरू होते, आणि तिसऱ्या फेरीनंतर ३०० ची गाडी मूळ मॅपच्या गाडीइतकीच पळताना दिसते.

आपल्याकडच्या दमट हवेबद्दल बरेच गैरसमज आहेत. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली, तर हवेतली सुमारे साडेतीन टक्के जागा पाण्याच्या वाफेने घेतलेली असते आणि तेवढा ऑक्सिजन कमी मिळतो. हीच वाफ जळण थोडे मंद करते, म्हणून नॉकच्या बाबतीत ती किंचित मदतच करते. तेव्हा फोंड्याच्या जूनमधल्या हवेला घाबरण्याचे कारण नाही. मे महिन्यातल्या दुपारी पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीला घाबरावे. घाटात प्रश्न वेगळा आहे. चोर्ल्याला सुमारे ८०० मीटर उंचीवर हवेचा दाब ९२० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. ईसीयू निरपेक्ष दाब धरून ठेवू पाहतो, त्यामुळे खाली २.२ असलेले गुणोत्तर वर २.४ होते, टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते आणि हवा आणखी तापते. मूळ टर्बोवर शेवटचा थेंब पिळून काढणारी फाइल समुद्रसपाटीला गोड वाटते आणि घाटमाथ्यावर हाशहुश करते, त्याचे कारण हे.

आता ई२०. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते आणि बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त असल्याने थेट इंजेक्शनच्या इंजिनात सिलिंडरमधली हवा चांगली थंड होते. दुसरीकडे, पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७ लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) हे सांभाळून घेतो, पण इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप यांच्याकडे तेवढी शिल्लक आहे का, हे पाहावेच लागते. युरोपातल्या ९८ ऑक्टेनसाठी लिहिलेली फाइल आपल्या ९५ वर चालते, यात वाद नाही. ती नॉक सेन्सरच्या जिवावर चालते. नॉक कंट्रोल ही आणीबाणीची सोय आहे. तिला रोजच्या कामाला जुंपणारी फाइल मी स्वतःच्या गाडीत घालणार नाही.

यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो टॉर्कचा आकार. ४३० न्यूटन-मीटर जर १८०० आरपीएमलाच ओतले जात असतील तर रस्त्यावर पिकअप जबरदस्त वाटते, मित्र खूश होतात, पण कमी वेगात आणि पूर्ण भारावर थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि त्यात पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड जाऊ शकतो. शिवाय तुमचा ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा डीएसजी मुळात ३५० च्या आसपासच्या टॉर्कसाठी बांधलेला आहे. ट्यूनरला सांगा की २५०० आरपीएमपर्यंत टॉर्क हळूहळू चढू दे, मध्ये ३८० ते ४०० वर सपाट राहू दे, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणखी कमी ठेव. पुढच्या चाकांवर चालणारी ही गाडी आहे. पावसात घाटातल्या लाल मातीने निसरड्या झालेल्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये ४३० न्यूटन-मीटर घेऊन काय करणार? ट्रॅकवर तुम्ही ४००० च्या खाली फारसे जाणारच नाही, त्यामुळे वेळेत काहीही तोटा होत नाही.

तिसरा_गिअर (बेळगाव)

वरचे विवेचन उत्तम आहे, परंतु त्यात पैशांचा क्रम आलेला नाही, आणि तोच मूळ प्रश्न होता. माझ्या मते पहिला रुपया ब्रेकवर जावा, आणि तोही मोठ्या कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) नव्हे, ब्रेक ऑइलवर.

चालकासह दीड टनाची गाडी १८० च्या वेगावरून ८० वर आणताना सुमारे १५ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. फाइल घालून तुम्ही त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी १९५ ला पोहोचलात, तर तीच उष्णता १८ लाखांच्या वर जाते. वेगात वाढ फक्त १५ ची, उष्णतेत वाढ वीस टक्क्यांहून अधिक, आणि तीही प्रत्येक फेरीत. डीओटी ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ती मर्यादा १५५ पर्यंत खाली आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषत असते, आणि किनारपट्टीवर पावसाळ्याचे चार महिने काढलेल्या गाडीच्या ऑइलबद्दल मी कोणतीही खात्री देणार नाही. कॅलिपरमध्ये ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल जमिनीला टेकते. तेव्हा दर ट्रॅक डेच्या आधी चारही चाकांचे ऑइल बदलावे; डीओटी ५.१ घेतल्यास त्याची मर्यादा २६० आणि १८० आहे. नाव जवळचे असले तरी डीओटी ५ सिलिकॉनचे असते, ते यात चुकूनही मिसळू नये.

पॅडच्या बाबतीत मधला मार्ग काढावा लागेल. निव्वळ रेसचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी कामावर जाताना आडव्या आलेल्या गुरांसमोर ते तापण्याची वाट पाहता येत नाही. ‘फास्ट रोड’ म्हणून विकले जाणारे पॅड लावावेत, मूळ पॅड डिकीत ठेवावेत. ट्रॅकवर एक फेरी तापवायला, तीन-चार जोरात, आणि शेवटची ब्रेकला हात न लावता सावकाश, असा क्रम ठेवल्यास मूळ आकाराच्या डिस्कही पुरतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेला पॅड डिस्कला चिकटून बसतो आणि पुढे ब्रेक थरथरत राहतो.

दोन ट्रॅकमध्येही फरक आहे. कारी लहान, दोन किलोमीटरच्या थोडा पुढे. वळणामागून वळण येते, सरासरी वेग कमी, त्यामुळे ब्रेकला आणि इंटरकूलरला वारा मिळत नाही. चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, तिथे वेग जास्त आणि एकेका ब्रेकिंगचा भार मोठा. पहिल्यांदा जात असाल तर कारीला जा, आणि मूळ मॅपवरच जा. गाडी कुठे थकते, हे तिथे कळेल, आणि मग पैसे त्या जागी घालता येतील.

पॉलिसीची_पाने (पणजी)

तांत्रिक भागात मला गती नाही, पण एक बाजू राहून जाते आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच दिशेने निकाल दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केवळ सॉफ्टवेअर बदलणे यात बसते की नाही, यावर वकील मंडळी वाद घालू शकतील. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला प्रदूषण कमी करणारा भाग) काढून टाकणे मात्र सरळसरळ अंगाशी येणारे आहे, आणि पीयूसीलाही गाडी अडकेल.

विम्याचे तर अधिक स्पष्ट आहे. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंतीला गाडी लागली तर खर्च खिशातून, असे धरूनच जावे. घरी परतताना रस्त्यावर अपघात झाला आणि सर्व्हेअरला रीमॅप आढळला, तर दाव्यावर वाद होऊ शकतो. म्हणून जो बदल कराल तो विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. पुष्कळ जण हे टाळतात.

कुंकळ्ळीचा_मिस्त्री (कुंकळ्ळी)

‘तिसरा_गिअर’ यांच्याशी ब्रेकबाबत पूर्ण सहमत आहे. दोन मॅपच्या प्रश्नाला मात्र अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. माझे मत दोन मॅपच्या विरोधात आहे. कागदावर कल्पना छान दिसते: ९५ ऑक्टेनचा एक, १०० चा एक, बटण दाबले की बदल. प्रत्यक्षात टाकीत अर्धे ९५ शिल्लक असताना वर १०० भरले जाते, मिश्रण नक्की काय झाले ते कोणालाच ठाऊक नसते, आणि उत्साहाच्या भरात ट्रॅकचा मॅप लागलेला असतो. ज्याला पेट्रोलची खात्री नाही, त्याने ९५ वर सुरक्षित असलेला एकच मॅप घ्यावा. त्या मॅपवर १०० ऑक्टेन भरल्यास जी सवलत मिळेल, ती अश्वशक्तीत न घालवता उष्णतेच्या बाजूने राहू द्यावी. चेन्नईच्या उन्हात ती उपयोगी पडते.

आणखी एक. कोणतीही फाइल घालण्याआधी गाडी आजारी नाही ना, ते तपासा. मूळ मॅपवर लॉग (गाडी पळत असताना सेन्सरांनी नोंदवलेले आकडे) घ्या आणि इथे टाका. सात-आठ वर्षांच्या गाडीत प्लग, कॉइल, पीसीव्ही (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी झडप), व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन यांपैकी काहीतरी निघतेच, आणि ट्यूनिंगमुळे इंजिन गेले म्हणून जी ओरड होते, तिच्यातले निम्मे आजार आधीचेच असतात, असे माझे निरीक्षण आहे. डीएसजीचे ऑइल आणि फिल्टर कधी बदलले होते, तेही पाहा. साठ हजार किलोमीटरची मुदत साध्या वापरासाठी आहे, ट्रॅकवर जाणाऱ्याने ती बरीच अलीकडे ओढावी.

घाटवाट (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार, देव बरे करो. सुचवल्याप्रमाणे डायनोवर मूळ मॅपवर तिसऱ्या गिअरमध्ये लागोपाठ रन करून घेतले. पेट्रोल ९५ ऑक्टेनचे ई२०. दुसऱ्या रनच्या शेवटचे आकडे असे: मागितलेला निरपेक्ष दाब २.० बार, प्रत्यक्ष १.९८, रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणाऱ्या इंधनाचा दाब) मागितले २०० बार, मिळाले १९७, इनटेक हवेचे तापमान रनच्या सुरुवातीला ४४ अंश, शेवटी ५८. टायमिंगची माघार पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला एक ते दोन अंश, तिसऱ्याला मात्र साडेचार. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनाच्या प्रमाणात केलेली दीर्घकालीन दुरुस्ती) अधिक पाच टक्के. चेक लाइट कोणताही नाही आणि चालवताना मला काहीच जाणवत नाही. यावरून फाइल घालायला हरकत नाही, असे समजावे का?

नॉकसेन्सर (वास्को)

नाही, अजून थांबा. पण लॉग वाईट नाही.

बूस्ट मागणीबरहुकूम येते आहे, म्हणजे टर्बो, वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप) आणि पाइप ठीक आहेत. पूर्ण भारावर रेल प्रेशर तीन बारांनी कमी असणे चिंतेचे नाही. ट्रिम अधिक पाच आहे ती बहुधा ई२० मुळेच. ई१० वरून ई२० वर येताना चार-साडेचार टक्के वाढ हिशेबानेच येते. तीच ट्रिम दहाच्या पुढे असती तर हवेची गळती किंवा इंजेक्टर पाहावे लागले असते. पंख्यासमोर मूळ मॅपवरही दुसऱ्याच रनला इनटेक ५८ वर जाते आहे, तेव्हा इंटरकूलर फाइलच्या आधी, हे तुमच्या गाडीपुरते ठरले असे मी म्हणेन.

प्रश्न तिसऱ्या सिलिंडरचा आहे. पेट्रोल हलके असते किंवा हवा गरम असती, तर चारही सिलिंडर जवळपास सारखेच मागे आले असते. एकटाच मागे येतो तेव्हा कारण त्या सिलिंडरपाशी शोधावे लागते: प्लग, कॉइल, इंजेक्टर, किंवा तिथेच जास्त साचलेला कार्बन. तपासण्याचा स्वस्त मार्ग असा, की तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात घालून पुन्हा लॉग घ्यावा. माघार पहिल्या सिलिंडरकडे सरकली तर दोष प्लगचा. तिथेच राहिली तर हीच अदलाबदल कॉइलची करावी. दोन्हींनी हलली नाही, तर व्हॉल्व्ह पाहण्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागेल, आणि कार्बन निघाला तर अक्रोडाच्या कवचांच्या भुकटीने साफ करून घ्यावा. मूळ मॅपवर साडेचार अंश मागे येणारा सिलिंडर ट्यूनच्या दाबावर काय करील, हे अजमावून पाहण्यात मला रस नाही, आणि तुम्हालाही नसावा.

घाटवाट (फोंडा)

अदलाबदल केली. माघार पहिल्या सिलिंडरकडे गेली. तिसरा आता दीड अंशावर आहे. चारही प्लग नवीनच घालतो. ट्यूनच्या दृष्टीने एक पायरी थंड प्रकारचे (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यावेत का, आणि गॅप (ठिणगीच्या दोन टोकांमधले अंतर) किती ठेवावी?

कुंकळ्ळीचा_मिस्त्री (कुंकळ्ळी)

रोज फोंडा-पणजी चालवायची असेल तर थंड प्लगची आत्ताच गरज नाही. रोजच्या रहदारीत त्यांच्यावर काजळी धरते. मूळ उष्णता-श्रेणीचेच घ्या. बूस्ट वाढले की दाट हवेतून ठिणगी पडणे अवघड होते, म्हणून ट्यून केलेल्या या इंजिनांत गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात. इरिडियमच्या प्लगची गॅप मोजताना मधल्या टोकाला गेज घासू देऊ नका. तार असलेला गेज वापरा, आणि वाकवायचे ते फक्त बाहेरचे टोक. प्लग टॉर्क रेंचनेच आवळा, अंदाजाने नको.

मग ब्रेक ऑइल आणि पॅड, त्यानंतर इंटरकूलर, आणि इंटरकूलर बसवल्यावर पुन्हा लॉग. तो लॉग घेऊनच ट्यूनरकडे जा. त्याने लॉग न पाहता तयार फाइल पुढे केली, तर दुसरा ट्यूनर शोधा.